जागेवरचा दगड

काल रात्री तुम्ही पाठवलेला फोटो मी चार वेळा मोठा करून बघितला. चौघेही हसताय. मागे तळ्याचा बांध, बाजूला पिंपळ, आणि तुमच्या पुढ्यात आडवा पडलेला वीरगळ. त्याच्या बुडाशी ताजी उकरलेली लाल माती, मातीत रोवलेली पहार. खाली ओळ लिहिली आहे, ‘बाई, अजून दोन फूट गेलो असतो तर लागलं असतं.’

मी उत्तर दिलं नाही. फोनवर चार शब्दांत उरकण्यासारखी ही गोष्ट नाही, म्हणून सकाळी उठून हे लिहायला बसले. चौघांनीही स्वतः वाचा. एकानं वाचून बाकीच्यांना तात्पर्य सांगितलं, असं करू नका. माझ्या वर्गात ते तेव्हाही चालत नव्हतं.

तुम्ही परके असतात तर मी पोलिसांना फोन केला असता आणि विषय संपवला असता. पण तुम्ही माझे विद्यार्थी. पुण्यात तीन वर्षं माझ्या हाताखाली भूगर्भशास्त्र शिकलात. पुढे कॉम्प्युटरकडे वळलात, बेंगळुरूला आलात, घरं बांधलीत, आता पन्नाशीला टेकलात. निवृत्तीनंतर मी मुलाकडे बसवनगुडीत राहायला आले तेव्हा स्टेशनवर न्यायला तुम्हीच आला होतात. महिन्यातून एका रविवारी माझ्याकडे जमता, त्या रविवारची मी वाट बघते. गेलं वर्षभर तुमचा विषय एकच आहे, हरवलेल्या सोन्याच्या खाणी. टिपूनं बुजवलेली खाण, चोळांची खाण, शहाजीराजांनी कोलारच्या डोंगरात ठेवलेला खजिना. तुम्ही तावातावानं भांडता, नकाशे पसरता, मी चहा करते आणि ऐकते. वाटायचं, दगडधोंड्यांशी यांचा तुटलेला धागा पुन्हा जुळतोय. मी तेव्हाच कान धरायला हवे होते. तो माझा दोष, आणि तो मी मान्य करते. दगड तुम्ही पाडलात, तो दोष तुमचा.

पहिल्या वर्षी, पहिल्या आठवड्यात, मी तुम्हाला सिंहगडाच्या पायथ्याशी नेलं होतं. तुमच्यातल्या एकानं वाटेवरचा एक छान गारगोटीचा तुकडा उचलून विचारलं, ‘बाई, हा कुठल्या थरातला?’ मी म्हटलं, ठेव खाली. सुटा दगड साक्षीला चालत नाही. जो दगड जागेवर आहे, ज्याच्या खाली काय, वर काय, तो कुठे कललाय हे दिसतंय, तोच बोलतो. जागेवरून हलला की तो मुका होतो. हे वाक्य तुम्ही वहीत लिहून घेतलं होतं. परीक्षेत ते उतरवून मार्कही मिळवलेत. आणि परवा चौघांनी मिळून शेकडो वर्षं जागेवर उभा असलेला दगड मुका केलात.

तो दगड काय होता, हे तरी बघितलंत का? फोटोत मला स्पष्ट दिसतंय. खालच्या पट्टीत ढाल-तलवार घेतलेला माणूस आणि त्याच्या मागे गुरं. मधल्या पट्टीत दोन अप्सरा त्याला हाताला धरून वर नेताहेत. वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलाय. त्यावर सूर्य आणि चंद्र. गावाची गुरं पळवायला आलेल्या टोळीशी लढताना मेलेल्या माणसाची ही आठवण आहे. या भागात असे वीरगळ गावोगाव आहेत, कारण तेव्हा गुरं हेच धन होतं आणि त्यासाठी माणसं जीव देत होती. त्याला राजानं पुतळा दिला नाही, बखरीत त्याचं नाव आलं नाही. गावानं दिला तो हा एक दगड.

आणि तुम्ही म्हणता, सूर्य-चंद्र ही खजिन्याची खूण. उगवतीकडे तोंड करून इतकी पावलं, मग खाली. कुणी सांगितलं हे तुम्हाला? सूर्य-चंद्राचा अर्थ शिलालेखांचं कुठलंही प्राथमिक पुस्तक सांगतं. चंद्रसूर्य असेपर्यंत ही आठवण, हे दान टिको. आपल्याकडच्या गधेगाळींवरही तेच सूर्य-चंद्र असतात, आणि खाली दान मोडणाऱ्याला दिलेली शिवी कोरलेली असते. ज्या खुणेनं ‘हे हलवू नका’ म्हणून सांगितलं, तीच खूण वाचून तुम्ही पहार लावलीत.

ज्या शहरात तुम्ही पंचवीस वर्षं पगार घेताय, त्या शहराच्या नावाचा सर्वांत जुना पुरावा कुठे आहे, ठाऊक आहे? इलेक्ट्रॉनिक सिटीकडे जाताना लागणाऱ्या बेगूरला, नागेश्वराच्या देवळात. सुमारे इ.स. 890 चा गंगांच्या काळातला लेख, त्यात ‘बेंगळुरूच्या लढाई’चा उल्लेख आहे. या नावामागची, उकडलेल्या शेंगांची आणि वाट चुकलेल्या होयसळ राजाची कथा सगळ्यांना पाठ असते. त्या कथेच्या काही शतकं आधीपासून हे नाव होतं, हे सांगणारा साक्षीदार तो एक दगड आहे. समजा शंभर वर्षांपूर्वी तुमच्यासारख्या चौघांनी त्याच्याखाली हंडा असेल म्हणून तो उलथवला असता आणि त्याचे दोन तुकडे झाले असते, तर? या शहरातली आणि आसपासची काही मंडळी आज गावोगाव फिरून असे लेख शोधताहेत, स्कॅनरनं त्यांची त्रिमितीय प्रत करून ठेवताहेत. मिथिक सोसायटीत हे काम चालतं. ती माणसं सुट्टीच्या दिवशी उन्हात उभी राहून गटारात पडलेला दगड वर काढतात. तुम्हीही सुट्टीच्याच दिवशी गेला होतात.

आता तुम्ही म्हणाल, बाई, आम्ही सोनं शोधत होतो, शिलालेख नाही. ठीक. सोनं शोधणाऱ्याची गोष्ट सांगते. 1915 साली रायचूर जिल्ह्यात मस्कीजवळ बीडन नावाचा एक खाण-अभियंता सोन्याचा माग काढत हिंडत होता. पोटासाठी हिंडत होता, हौस म्हणून नाही. एका खडकावर त्याला अक्षरं दिसली. वाचता येत नव्हती. त्यानं पहार काढली नाही. ज्यांना वाचता येतं त्यांच्यापर्यंत ती खबर पोचवली. वाचणाऱ्यांना त्यात ‘अशोक’ हे नाव सापडलं. तोवर देशभर सापडलेल्या लेखांत ‘देवांचा प्रिय प्रियदर्शी’ एवढंच होतं. तो प्रियदर्शी म्हणजेच अशोक, हे अनुमान होतं. मस्कीच्या खडकानं त्याला नावाचा पुरावा दिला. सोनं शोधायला निघालेल्या माणसाच्या हातून देशाला हे मिळालं, कारण त्यानं दगड होता तिथे राहू दिला. तुमच्याकडे त्याच्यापेक्षा जास्त शिक्षण आहे, खिशात कॅमेरा आहे, आणि वाचून देणारी माणसं एका फोनवर आहेत.

तुमच्या वादात एक वाक्य दर वेळी येतं. ‘लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगतात म्हणजे त्यात काहीतरी असणारच.’ मी हे वाक्य झिडकारणार नाही. लोकांच्या बोलण्यात पुष्कळदा काहीतरी असतं. कोलारचं सोनंसुद्धा असल्याच बोलण्यातून वर आलं. पण ते कसं वर आलं, ते एकदा नीट ऐका, कारण तुमची चूक नेमकी तिथे आहे.

श्रीरंगपट्टण पडल्यावर म्हैसूर राज्याच्या हद्दी मोजायला आलेल्या लेफ्टनंट जॉन वॉरननं 1802 मध्ये या भागात सोनं निघतं अशी बोलवा ऐकली. त्यानं बक्षीस लावलं. गावकऱ्यांनी माती आणली. त्यानं ती आपल्या डोळ्यांदेखत धुवून घेतली. तळाशी कण राहिले. मग किती मातीतून किती कण, हे मोजलं आणि लिहून ठेवलं. मारिकुप्पमला लोक अरुंद खड्ड्यांत उतरून दगड वर काढतात, बायका ते कुटून धुतात, हेही बघून लिहिलं. बोलवा ऐकणं, माती धुणं, मोजणं, लिहिणं. तो लिहिलेला अहवाल जवळपास सत्तर वर्षांनी मायकेल लॅव्हेल नावाच्या आयरिश सैनिकाच्या वाचनात आला. न्यूझीलंडच्या युद्धावरून परतून तो बेंगळुरू कॅन्टोन्मेंटमध्ये राहत होता. 1871 मध्ये बैलगाडी करून कोलारकडे गेला, जुने खड्डे बघत फिरला, सरकारकडे खेटे घातले आणि 1875 मध्ये परवाना मिळवला. लॅव्हेल रोड त्याच्याच नावाचा. तुमच्यातल्या एकाचं ऑफिस त्या रस्त्यावर आहे.

लॅव्हेलला स्वतःला मोठं सोनं लागलं नाही. पैसा संपला, हक्क विकावे लागले. त्याच सुमाराला वायनाड आणि नीलगिरीत सोन्याचा एवढा बोभाटा झाला की लंडनमध्ये डझनांनी कंपन्या निघाल्या, लोकांनी शेअर घेतले, देवाला-पंदलूरच्या रानात यंत्रं चढवली गेली, आणि काही वर्षांत सगळं बसलं. तिथे सोनं नव्हतं असं नाही. होतं, पण किती आहे हे कुणी मोजलंच नव्हतं. कोलारची कंपनीही बुडायच्या बेतात होती. जॉन टेलर अँड सन्सनं शेवटचा पैसा लावला, आणि 1880 च्या दशकात कॅप्टन प्लमरला जुन्या लोकांनी खणलेल्या खड्ड्यांच्याच खाली चॅम्पियन रीफची शीर सापडली. नकाशा त्या खड्ड्यांनीच दाखवला. ज्यांची नावं कुणाला ठाऊक नाहीत अशा खाणकरांनी जिथपर्यंत हात पोचला तिथपर्यंत खणलं होतं, आणि ते खड्डे जागेवर होते. कुणी बुजवून, उकरून, हलवून ठेवले असते तर प्लमरला काहीही सापडलं नसतं.

हट्टीचं तर विसरलातच. तुमच्या वादात ते नाव मी एकदाही ऐकलं नाही. रायचूर जिल्ह्यातल्या हट्टीला आजही सोन्याची खाण चालू आहे. तिथे आधुनिक खाणकर उतरले तेव्हा त्यांना 600 फुटांहून खोल गेलेलं जुनं खोदकाम सापडलं, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचं. बारूद नाही, पंप नाही, लोखंडी टोपी नाही. लाकडं पेटवून खडक तापवायचा, पाणी ओतून तडकवायचा, मग फोडायचा, आणि धुरात, अंधारात, दोरावरून टोपल्यांनी वर काढायचा. ही खरोखर हरवलेली खाण. ती माणसं कोण होती, त्यांनी हवा खाली कशी नेली, पाणी कसं उपसलं, यावर वाद घाला. माझ्या घरी रात्रभर घाला, मी जागी राहीन.

आता हिशेब. तुम्ही दिवसभर आकड्यांत असता, मग हा एक हिशेब कुणी का केला नाही? कोलारचा खनिजपट्टा उत्तर-दक्षिण सुमारे 80 किलोमीटर लांब, रुंदीला तीन-चार. खडक सुमारे 270 कोटी वर्षांपूर्वीचे. त्यातल्या गारगोटीच्या शिरांमध्ये सोनं असतं ते कणांनी, बहुधा डोळ्यांना न दिसणाऱ्या. सुरुवातीच्या काळात टनामागे चाळीस ग्रॅमच्या वर मिळालं. शेवटी शेवटी तीन ग्रॅमच्या आसपास. म्हणजे एक तोळा सोन्यासाठी जवळपास चार टन खडक तीन किलोमीटर खालून वर काढायचा, पिठासारखा दळायचा, सायनाईडनं धुवायचा. तुमचा मेटल डिटेक्टर गाडलेला लोखंडी खिळा दाखवील. खडकातलं तीन ग्रॅम तो जन्मात दाखवणार नाही. आणि त्या सगळ्या खटाटोपातून 120 वर्षांत निघालेलं एकूण सोनं सुमारे 800 टन. आपल्या देशानं 2023-24 या एकाच वर्षात बाहेरून आणलेलं सोनं 795 टनांच्या आसपास. पाच पिढ्यांनी जमिनीच्या पोटातून काढलं तेवढं आपण एका वर्षात विकत आणून अंगावर घालतो, लॉकरमध्ये ठेवतो. तरी तुम्हाला पिंपळाखालचा हंडा हवा आहे.

1996 च्या डिसेंबरात मी तुम्हाला कोलारला नेलं होतं, आठवतं? बंगारपेटला गाडी बदलून मारिकुप्पमपर्यंत. शाफ्टच्या तोंडाशी उभं राहून आपण पाळी सुटताना बघितली. केज वर आला, जाळी उघडली, आणि माणसं बाहेर आली. थंडीचे दिवस असून अंगावरचे कपडे घामानं पिळून निघालेले. खाली खडक साठ अंशांच्या वर तापलेला असतो. त्यातला एक वयस्क माणूस भिंतीला टेकून खोकत राहिला, बराच वेळ. तुमच्यातल्या कुणीतरी मला विचारलं, यांना दमा आहे का. मी सांगितलं, सिलिकोसिस. दगडाची धूळ फुप्फुसात बसते आणि फुप्फुसाचाच दगड होत जातो. तुम्ही सगळे गप्प झालात. परतीच्या गाडीत कुणी पत्ते काढले नाहीत. ते मौन आठवून मला अनेक वर्षं वाटत राहिलं की या मुलांना काहीतरी कळलंय.

त्या माणसांचे आजे-पणजे तमिळ मुलखातून, आंध्रातून आलेले, बरेचसे दलित. गावात विहिरीवर येऊ देत नव्हते म्हणून खाणीत उतरले. खडकावरचा दाब सुटून तो बॉम्बसारखा फुटतो, त्या रॉकबर्स्टमध्ये किती मेले ते कोलारच्या दफनभूमींना विचारा. खाणीला वीज मिळाली 1902 मध्ये, शिवनसमुद्राहून तारा ओढून. बेंगळुरूत दिवे लागले 1905 मध्ये. या शहराच्या आधी तिथे उजेड होता. आणि 1965 मध्ये त्याच खाणीत, सव्वादोन किलोमीटर खाली, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या लोकांनी जपानी आणि इंग्रज सहकाऱ्यांबरोबर वातावरणात जन्मणारे न्यूट्रिनो टिपले. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेतल्या एका सोन्याच्या खाणीतही ते टिपले गेले. त्याआधी जगात कुणीही ते पकडले नव्हते. खाण इतकी खोल खणली गेली नसती तर ते यंत्र तिथे बसलंच नसतं. ही कथा तुम्ही आपल्या मुलांना सांगितलीत का? या खाणीच्या नावानं निघालेल्या सिनेमाचे मात्र दोन्ही भाग दाखवलेत. तो कल्पनेचा खेळ आहे, त्यातलं साम्राज्य आणि त्यातला नायक दोन्ही लिहिणाऱ्याच्या डोक्यातले. खऱ्या खाणीची कंपनी सरकारी होती, भारत गोल्ड माइन्स, आणि ती 28 फेब्रुवारी 2001 ला बंद झाली. पंप थांबले. शाफ्ट पाण्यानं भरत गेले. वर राहिले ते सायनाईडनं धुतलेल्या दगडाच्या पिठाचे डोंगर. वारा सुटला की ती भुकटी घराघरांत जाते.

त्या घरांतली माणसं आता काय करतात, हे बघायला कोलारला जाण्याचीही गरज नाही. पहाटेच्या गाडीनं मारिकुप्पमहून निघून ती रोज बेंगळुरूला कामाला येतात आणि रात्री उशिरा परततात. तुमच्या ऑफिसच्या फाटकावर, लिफ्टमध्ये, कँटीनमध्ये असणाऱ्यांपैकी किती जण तिथले आहेत, हे एकदा विचारून बघा. पंचवीस वर्षांत तुम्ही विचारलेलं नाही. हरवलेल्या खाणीचे खरे वारस रोज तुमच्या शेजारून जातात आणि तुम्ही डिटेक्टर घेऊन भलतीकडेच फिरता.

मे 2020 मध्ये टाळेबंदी चालू असताना काही माणसं सोन्याच्या आशेनं मारिकुप्पमच्या बंद शाफ्टमध्ये शिरली. तिघे आत गुदमरून मेले. बंद खाणीत हवा नसते. हे तुम्हाला सांगण्याची वेळ माझ्यावर यावी? गेल्या महिन्यात तुमच्यातला एक ‘बाई, एका जुन्या शाफ्टचं कुंपण तुटलंय’ असं उत्साहानं म्हणाला, तेव्हा माझ्या हातातला कप खाली ठेवावा लागला होता. त्याला दोन मुली आहेत.

हा नाद कुठे नेतो, त्याची यादी करायची तर अरिझोनाच्या सुपरस्टिशन डोंगरांपर्यंत जावं लागेल. तिथे 1891 मध्ये मेलेल्या एका जर्मन माणसाच्या खाणीसाठी अजून लोक भटकतात, आणि 1931 मध्ये गेलेल्या एकाची कवटीच तेवढी आधी सापडली. ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात लॅसेटर आपल्या सोन्याच्या शिरेची गोष्ट सांगत गेला आणि तिथेच मेला. ती शीर आजवर कुणाला दिसलेली नाही. ते लांबचं झालं. जवळचं बघा. जुलै 2019 मध्ये आनेगुंदीजवळ तुंगभद्रेतल्या नववृंदावनात व्यासरायांचं वृंदावन रात्रीतून फोडलं गेलं. विजयनगरच्या काळातल्या संताची समाधी, खाली निधी असेल म्हणून. सकाळी लोक रडत नदी उतरून गेले आणि ते तुकडे गोळा केले. इकडे अशा टोळ्यांना ‘निधिगळ्ळरु’ म्हणतात, निधिचोर. परवा त्या तळ्याच्या बांधावर गावातल्या कुणी तुम्हाला बघितलं असेल, तर त्याच्या तोंडी तुमच्यासाठी हाच शब्द आला असेल.

आणि आपल्या महाराष्ट्राला या बाबतीत मान वर करायला जागा नाही. पायाळू माणसाला जमिनीतलं धन दिसतं म्हणून त्याच्या डोळ्यांत अंजन घालून त्याला माळावर फिरवणारे आपलेच. 1972 ते 74 मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मानवतला गुप्तधनाच्या आणि मूल होण्याच्या आशेपायी लहान मुली आणि बायका मारल्या गेल्या. तुम्ही म्हणाल, बाई, कुठे ते आणि कुठे आम्ही, आम्ही शिकलेले, आम्ही फक्त खड्डा खणला. अंतर आहे, मान्य. पण वाट एकच आहे. जमिनीत आपल्यासाठी काहीतरी ठेवलंय, ते आपल्या हक्काचं आहे, आणि मध्ये जे उभं असेल ते बाजूला करायला हरकत नाही, ही तीच वाट. तुमच्या मध्ये दगड होता, तो तुम्ही बाजूला केलात. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षं अंधश्रद्धेविरुद्ध ओरडून सांगत राहिले, 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात त्यांना गोळ्या घातल्या गेल्या, त्यानंतर कायदा झाला. त्यांची व्याख्यानं ऐकायला मी तुम्हाला रांगेत बसवलं होतं.

शहाजीराजांचं नाव यात पुन्हा आणू नका. 1638 नंतर बेंगळुरू त्यांच्या जहागिरीत आलं, कोलारही आलं, हे खरं. त्यावरून खजिना कुठून निघाला? जयराम पिंड्ये या कवीनं त्यांच्या बेंगळुरूच्या दरबारावर राधामाधवविलासचंपू लिहिलं, इतिहाससंशोधक राजवाड्यांनी ते लांबलचक प्रस्तावनेसह छापलं. तुमच्या पिढीत ते कुणी उघडलेलं मला दिसत नाही. त्यात कितीतरी भाषांचे कवी एका माणसापुढे उभे राहिलेले दिसतात. दावणगेरे जिल्ह्यात होदिगेरेला त्यांची समाधी आहे. इथून गाडीनं एका दिवसात जाऊन येता येतं. वर्षभरात नकाशे घेऊन तुम्ही इतक्या टेकड्या चढलात, तिथे एकदाही गेला नाहीत. ज्याच्या नावानं खजिना हवा आहे, त्याच्या समाधीवर फूल ठेवायला सवड नाही, हे मला फार लागलं.

कायद्याचंही सांगते. जमिनीत दडलेलं मौल्यवान काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्याला कळवावं लागतं, असा कायदा आहे. समजा हंडा निघालाच असता, तरी तो लगेच तुमचा झाला नसता. गावच्या तळ्यावरचा वीरगळ तर कधीच तुमचा नव्हता.

मी रागावले आहे आणि तो राग लपवणार नाही. पण मी तुम्हाला सोडून दिलेलं नाही, म्हणून काय करायचं तेही सांगते. वीरगळ स्वतःच उचलायला जाऊ नका. फोटोत त्याच्या डाव्या कडेला तडा दिसतोय, जोर लागला तर दोन तुकडे होतील. सिमेंट अजिबात नको, सिमेंटमधला क्षार दगडात उतरतो आणि कोरीव काम सोलून काढतो. आज दुपारी राज्याच्या पुरातत्त्व खात्याला मी स्वतः फोन करणार आहे आणि काय झालं ते तुमच्या नावांसकट सांगणार आहे. पडलेला दगड कुठल्या दिशेला तोंड करून उभा होता, किती गाडलेला होता, शेजारी आणखी काय होतं, हे चौघांनी वेगवेगळं बसून, एकमेकांना न विचारता, कागदावर काढा. आता तेवढाच पुरावा उरलाय आणि तो तुमच्या डोक्यात आहे. विसरायच्या आत लिहा. खणण्याआधी फोटो काढले असतील तर तेही पाठवा.

रविवारी सकाळी सहा वाजता माझ्या दाराशी या. आपण त्या गावात जाणार आहोत. पंचायतीच्या अध्यक्षांना आणि तळ्याकाठच्या घरांतल्या म्हाताऱ्या माणसांना तुम्ही झालं ते सांगायचं आणि माफी मागायची, कन्नडमध्ये. पंचवीस वर्षं इथे राहून एवढं कन्नड यायलाच हवं. येत नसेल तर शनिवारपर्यंत शिका. डिटेक्टर माझ्याकडे जमा करा. मोजपट्टी, होकायंत्र आणि कोऱ्या वह्या बरोबर घ्या.